कपड्यात खोट नाही

दिवाळी अंकात शिंप्याने लिहावं हे तसं उफराटंच. उभ्या आयुष्यात दिवाळीत अंक उघडायचं सोडा, अंगाला तेल लावायलाही मला फुरसत मिळाली नाही. लोक उटणं लावून पाटावर बसायचे तेव्हा मी त्यांच्या पोरांच्या चड्ड्यांना बटणं लावत बसलेला असायचो. आता मुलाने मशीन विकून टाकलंय, सुईत दोरा ओवायला मला नातीला हाक मारावी लागते, आणि संपादकसाहेब म्हणतात, "मास्तर, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. अडचण एवढीच आहे की त्यातल्या बहुतेक गमतींमध्ये वेडा ठरलेला माणूस मीच आहे.

श्रीरामपुरात बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. एक पायमशीन, एक कापायचं टेबल, एक आरसा आणि मी. माझं नाव मी नम्रपणे शेवटी लिहिलंय, पण गिऱ्हाइकाला पायरी चढताना आधी माझीच धास्ती वाटायची. माझा राग गावात प्रसिद्ध होता. बाही आखूड झाली म्हणून कुणी कुरकुर केली की मी म्हणायचो, "बाही मापात आहे, हात लांब झालाय तुमचा." एका वकिलांना मी, "कोट झकास झालाय, आता पोट तेवढं मापात आणा," असं सुनावलं. वकील गेले आणि जाताना ओळखीचे आणखी चार वकील घेऊन गेले.

या रागातला एक राग मात्र मलाच कळत नसे. कुणी बशीतल्या चहाचा भुरका मारला की माझं डोकं फिरायचं. नुसतं नकोसं वाटायचं असं नाही. त्या आवाजाने मानेपासून टाळूपर्यंत काहीतरी सरसरत जायचं आणि भुरका मारणाऱ्याचं काहीतरी वाईट करावं असं मनापासून वाटायचं. माझ्या शेजारी अब्बासभाई घड्याळजींचं दुकान होतं. देवमाणूस. पण रोज दुपारी चारला ते बशी तोंडाला लावायचे आणि मधली भिंत असूनही मला तो भुरका ऐकू यायचा. तेवढ्या वेळात मी कापड कापायचं नाही असा नियमच केला होता, कारण एकदा त्या भरात मी एका मामलेदारांची पॅन्ट गुडघ्यातच कापली होती.

शिंपीकाम न केलेल्यांसाठी थोडं सांगतो. कपड्याला दोन अंगं असतात. सुलट अंग जगाला दिसतं आणि उलट अंग फक्त घालणाऱ्याला लागतं. शिवण घातली की आतल्या बाजूला दोन्ही कापडांच्या कडा उरतात. उद्या माणूस सुटला तर कपडा वाढवता यावा म्हणून त्या कडा जरा रुंद ठेवतात, त्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो. कडा गुंफून बंद करायचं मशीन तेव्हा माझ्याकडे नव्हतं. कात्रीने दाते पाडायचे, फार तर चार टाके घालायचे, की झालं. सगळी कारागिरी सुलट अंगाची. आरशात तेवढंच दिसतं, आणि गिऱ्हाईकही तेवढंच पाहून जातं.

हे सगळं मी मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या मार्थाबाईंना एकदा मोठ्या तोऱ्यात ऐकवलं होतं. बाई कडक. त्यांच्या छडीला अख्खी शाळा घाबरायची. त्या एके दिवशी ब्लाउजपीस घेऊन आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, यातली शिवण बाहेरच्या अंगाला घालाल का? पदराखाली झाकून जाईल." मी हसलो. "बाई, उलटा ब्लाउज शिवून माझं नाव घालवू का?" असं चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं. बाई लाल झाल्या, कापड उचलून निघून गेल्या आणि परत कधी आल्या नाहीत. पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा गिऱ्हाइकांना सांगून हसवायचो.

आता मुख्य गोष्ट. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमन लोकांचे कपडे शिवायचं काम मला मिळालं. चाळीस माणसं, प्रत्येकी दोन जोड, खाकी ड्रीलच्या जाड कापडाचे. त्या साली लोक पोटाला चिमटा काढून दिवस ढकलत होते, नवे कपडे कोण शिवणार? अशा वेळी हे काम आल्यावर मी स्वतःला जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा शिंपी समजू लागलो. वॉचमन लोकांवरचे साहेब फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनी बजावलं होतं, "मास्तर, कॉलर उभी राहिली पाहिजे. माणूस वाकला तरी कॉलर वाकता कामा नये." मी कॉलरमध्ये दुहेरी बकरम, म्हणजे खळीचं कडक कापड, घातलं, गळ्याशी हूक लावला आणि इस्त्री अशी मारली की शर्ट टेबलावर आपोआप बसला असता.

एकोणचाळीस माणसं खूश झाली. चाळिसावा नामदेव.

नामदेव राहुरीच्या बाजूचा, पंचविशीतला, अंगाने धिप्पाड आणि डोळ्यांनी गरीब. घरी तो आणि त्याची आई हौसाबाई. कोरडवाहू रानात त्या साली काही उगवलं नव्हतं. ओळखीच्या कुणीतरी शब्द टाकला म्हणून ही नोकरी लागली होती. ती नसती तर दोघांनाही दुष्काळी कामावर खडी फोडायला जावं लागलं असतं.

पहिल्या आठवड्यातच तो दुकानात आला. "मास्तर, टोचतंय."

"कुठं?"

"समदीकडं. मानंला, काखंत, पाटीत. मुंग्या डसल्यावानी."

मी त्याला आरशासमोर फिरवून पाहिलं. शर्ट बेतला होता झकास. तरी गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून काखेत जरा आवळून दिला. माझा हिशोब असा, की ढिला कपडा घासतो म्हणून टोचतो. चार दिवसांनी स्वारी परत. "जास्तीच टोचतंय." मी कॉलरच्या आत अजून एक पट्टी शिवली. आवळताना एक शिवण वाढली होती, पट्टी लावताना दुसरी. मी दुरुस्ती करतोय अशा समजुतीत होतो आणि प्रत्येक खेपेला त्याच्या अंगाला लागणाऱ्या शिवणी वाढवत होतो. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसालाच हे जमतं, नवशिक्याने निदान विचारलं तरी असतं.

तिसऱ्या खेपेला बाजाराचा दिवस होता. दुकानात गर्दी, बाहेर भोंग्यावर कुणी सिनेमाची जाहिरात ओरडतोय, आणि नामदेव दारात उभा. मान लालभडक, डोळे तांबारलेले. "मास्तर, ह्ये काडा माज्या आंगावनं," एवढंच तो म्हणाला. मी म्हणालो, "एकोणचाळीस जणांना टोचत नाही आणि तुझीच कातडी लोण्याची काय रे?" त्याने गळ्याशी हात घातला आणि एका हिसड्यात शर्ट टरकन फाडला, बटणं आरशावर ताडताड आदळली. माझी शिवण, माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांदेखत. मी लाकडी पट्टी भिरकावली. ती त्याला लागली नाही, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीला लागली. फाटका शर्ट तिथेच टाकून तो उघड्या अंगाने भर बाजारातून निघून गेला. अब्बासभाईंनी काचा गोळा केल्या.

दुसऱ्या जोडावर त्याची ड्युटी चालूच होती. चार दिवसांनी कारखान्याच्या फाटकावर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, पाळी बदलायचा भोंगा वाजत होता आणि पाथर्डीकडचा एक गाडीवान पुढे सरकायला आरडाओरडा करत होता. नामदेवने त्याला गळ्याला धरून गाडीवरून खाली ओढलं. लोकांनी सोडवलं म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार माझ्या दुकानात आले. बसले नाहीत. "तो म्हणतो, कपड्यामुळे माझं डोकं फिरतं. मला सरळ सांगा. कपड्यात खोट असेल तर कपडा बदलू. कपड्यात खोट नसेल तर माणूस बदलू."

संपादकसाहेब, इथे मला खोटं लिहायचा मोह होतो. पण खरं असं आहे की मी एक क्षणही थांबलो नाही. छाती काढून म्हणालो, "कपड्यात खोट नाही. माणूस माजलाय."

"ठीक. आठ दिवस पाहतो," सुभेदार म्हणाले आणि गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी हौसाबाई आली. पायरीच्या खालीच उभी राहिली. "मास्तर, माजं लेकरू तसं न्हाई हो. घरी उगडं आसलं की गाय हाय गाय. त्ये कापाड आंगाव चडलं की मारका बैल हुतंय. ल्हानपनापास्नं आसंच. कोरं आंगडं घातलं की रडून रडून निळं पडायचं. मंग मी आपली जुन्या लुगड्याची आंगडी शिवायची. तुमी सायबाला येक शबूद बोला. नोकरी गेली तर आमी कुटं जावं?"

मी काय बोललो असेन? "मावशी, लाडावून ठेवलंय तुम्ही त्याला." ती पदराने डोळे पुसत गेली. आजही ते वाक्य आठवलं की माझी मान खाली जाते.

पण मनात कुठेतरी खुटखुटत राहिलं होतं. मग मी ठरवलं की पुराव्यानिशी त्याला खोटं पाडायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फाटका शर्ट मी शिवला, बटणं लावली आणि स्वतः अंगात घातला. तो धिप्पाड, मी काटकुळा. आरशात बघितलं तर खळ्यातलं बुजगावणं उभं. गळ्याचा हूक लावून मी दोन तास त्या शर्टात मशीन चालवलं. काही टोचलं नाही. मुंगी नाही की माशी नाही. मला इतका आनंद झाला की दुकानामागच्या खोलीतून बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं. "सुशीला, बघ, सापडला चोर! हा बघ मी घातलाय, काही म्हणजे काही होत नाही."

तेवढ्यात चार वाजले. भिंतीपलीकडून अब्बासभाईंचा भुरका आला.

मी पट्टी उचलून ताडकन उठलो, स्टूल पडलं, आणि तसाच त्या ढगळ खाकी शर्टात त्यांच्या दारात जाऊन ओरडलो, "किती वेळा सांगितलं, तो आवाज काढू नका!" अब्बासभाईंनी बशी खाली ठेवली. शांतपणे म्हणाले, "मास्तर, मी चहा माझ्या तोंडात ओतला, तुमच्या कानात नाही."

सुशीला मागे उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं. म्हणाली, "अहो, मी पण इथेच होते. मला तो आवाज ऐकू आला आणि विसरलेसुद्धा. तुम्हाला तो कानात खुपतो. मी कधी म्हटलं का, की मला खुपत नाही म्हणजे तुम्ही ढोंग करता?"

मी तिथेच अब्बासभाईंच्या पायरीवर बसलो. अंगात नामदेवचा शर्ट, हातात पट्टी, गल्लीतली माणसं बघतायत. मला फार लाज वाटली. वीस वर्षं मी हजारो अंगांची मापं घेतली होती, आणि एका माणसाची कातडी माझ्यासारखी नसेल हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. सकाळपासून तो ते टोचणं सोसत उभा राहायचा, दुपारपर्यंत त्याची सोसायची ताकद संपायची, आणि त्यात भोंगा वाजला, कुणी वर आवाज केला, की सगळं त्या समोरच्या माणसावर फुटायचं. लोकांना फक्त शेवटचा राग दिसायचा. आधीचे सहा तास कपड्याच्या आत, उलट अंगाला असायचे.

आणि मग मला मार्थाबाई आठवल्या.

आठ दिवसांतले दोन संपले होते. घरात उरलेलं खाकी कापड होतं. कोऱ्या ड्रीलमधली खळ काढायची तर ते सात-आठदा धुवायला हवं, आणि प्यायला पाणी शोधावं लागत होतं असं ते साल. सुशीलाने तीन दिवस एकाच बादलीतलं पाणी गाळून गाळून वापरलं, कापड दगडावर आपटून आपटून मऊ केलं. शेजारणी म्हणाल्या, शिंप्याच्या घरात माज आलाय. ती त्यांना म्हणाली, "माज उतरवायचं काम चाललंय." कुणाचा, हे तिने सांगितलं नाही.

मग मी आयुष्यातला सगळ्यात कुरूप शर्ट शिवला. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला, कडा दुमडून चपट्या केलेल्या. बकरम नाही, हूक नाही. कॉलरच्या आत हौसाबाईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. ती आणायला मी सायकलवर त्यांच्या गावी गेलो, तर नामदेव मला बघून उठून आत गेला. बरोबरच होतं त्याचं. हौसाबाईने लुगडं फाडून दिलं. शर्ट नेऊन दिला तेव्हा त्याने तो घातला, हात वर-खाली केले आणि मान फिरवली. मग म्हणाला, "काय बी न्हाई." एवढंच. हौसाबाई रडायला लागली आणि माझेही डोळे भरून आले.

खरी परीक्षा पुढेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर हजेरी. मी आधीच जाऊन उभा होतो. एकोणचाळीस कडक कॉलरी आणि मध्ये एक लोळागोळा झालेली, शिवणी बाहेर आलेली. सुभेदारांचा आवाज चढला. "हे काय पोतं घालून आलास?"

मी पुढे झालो. सायकलवर येताना मी कातडी, कान, सोसणं असलं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. सुभेदारांच्या मिशा बघितल्यावर ते सगळं विसरलो. मी म्हणालो, "साहेब, मी खोटं बोललो होतो. खोट कपड्यातच होती. माझी चूक. आता ती काढलीय. याला हाच शर्ट घालू द्या."

"एकोणचाळीस ठीक आणि एकातच खोट?"

"हो साहेब."

"मग तुम्ही कसले मास्तर?"

एकोणचाळीस जण हसले. मीच शिवलेल्या कपड्यांत उभे राहून हसले. पट्टी असती तरी मी ती कुणावर फेकली नसती, कारण प्रश्न योग्य होता. सुभेदार नामदेवकडे वळले, त्या शर्टाकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाले, "राहू दे. पण पुढच्या साली कपडे दुसऱ्याकडे." तसंच झालं. माझं ते काम गेलं आणि नामदेवची नोकरी राहिली. तो पुढे कितीतरी वर्षं त्याच फाटकावर होता.

त्याचा राग पुरता गेला असं सांगितलं तर ती थाप होईल. भोंग्याचा त्रास राहिलाच. पाळी बदलायच्या आधी तो कानात कापसाचे बोळे घालायचा. कधी एखाद्यावर भडकायचाही, पण तो तुमच्या-आमच्यासारखा, कारण असल्यावर. माणसाच्या सगळ्या रागाला शिंपी पुरत नाही. माझी सून लहान मुलांच्या शाळेत शिकवते. ती म्हणते, आता याला नाव आहे, त्याचे जाणकार आहेत. स्पर्श, आवाज, उजेड काहींना इतरांपेक्षा फार जोरात लागतात, आणि ते सोसवेनासं झालं की मूल आदळआपट करतं. लोक त्याला हट्टी म्हणतात. मी तिला म्हटलं, आमच्या वेळी माजलेला म्हणायचे, आणि ते म्हणणारा मीच होतो.

नामदेवचं प्रकरण मिटल्यावर मी मार्थाबाईंच्या घरी गेलो होतो. ब्लाउजचं कापड मीच घेतलं होतं, पांढरं मलमल, दोनदा धुतलेलं. दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, बाई निवृत्त होऊन भावाकडे गेल्या, कुठे ते माहीत नाही. परत येताना मला सारखं वाटत होतं की त्यांच्या वर्गातल्या पोरींनी खाल्लेल्या छड्यांपैकी काही माझ्या शिवणीच्या असतील. तो किस्सा मी त्यानंतर कुणाला हसवायला सांगितला नाही.

त्याच हंगामातल्या संक्रांतीला हौसाबाई आणि नामदेव दुकानात तिळगूळ घेऊन आले. त्याच्या अंगात तोच पोत्यासारखा शर्ट होता. अब्बासभाईंनी सगळ्यांना चहा मागवला आणि स्वतःही माझ्याच दुकानात येऊन बसले. मी मनाशी ठरवलं होतं की आज काहीही झालं तरी गप्प राहायचं. अब्बासभाईंनी बशी उचलली, भुरका मारला. मी दात आवळले. मग हौसाबाईने मारला, त्यांच्यापेक्षा मोठा. मी हसऱ्या चेहऱ्याने टेबलाची कड घट्ट धरून बसलो. नामदेवने बशीत चहा ओतला, तोंडाशी नेला, आणि त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. बोटं पांढरी पडली होती.

त्याला माझ्या रागाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने बशीतला चहा परत कपात ओतला, गरमच्या गरम, आवाज न करता एक घोट घेतला, आणि आईच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "आये, हळू पी. मास्तरला टोचतंय."